खालच्या थरातलं हळकुंड

लेकीची बारावी झाली तेव्हा मी वहीत तिच्यासाठी नवं पान काढलं. वर लिहिलं, 'केमिस्ट्री घ्यावी का?' मधे रेघ मारली. 'नको'च्या बाजूला नऊ मुद्दे झाले, 'हो'च्या बाजूला दोन. रिपोर्ट एआय लिहितं, आलेख एआय वाचतं, आमच्या कारखान्याच्या लॅबमधलं चौघींचं काम आता दोघींवर आलंय. मी स्वतः केमिस्ट्रीची पदवीधर, त्यामुळे खोटं लिहिणं शक्य नव्हतं.

तिला मात्र तेच हवं होतं. सात वर्षांची असताना माझ्या कोटावरचा हळदीचा डाग साबणानं लाल होतो, हे तिनं सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं होतं.

कॉलेजच्या फॉर्मचा शेवटचा दिवस उजाडला. मी तिला स्कूटरवरून कुपवाडला, आमच्या हळदीच्या कारखान्यात नेलं. नवं मशीन बघितलं की आपणहून नाद सोडेल, हा माझा हिशेब. वाटीत पूड भरली. मिनिटभरात पडद्यावर ओलावा, रंग, सगळं आलं. पास.

"बघ. एवढ्यासाठी मी तीन वर्षं शिकले."

तिनं वाटीतली पूड चिमटीत घेतली आणि म्हणाली, "आई, ही कुठल्या पोत्यातली?"

मला सांगता येईना. पूर्वी पोत्यांच्या थप्पीच्या प्रत्येक थरातला नमुना मी स्वतः काढायचे. मशीन आलं आणि कामांच्या यादीतून मी ते खोडलं.

आम्ही गोदामात गेलो. तिथले एक जुने हमाल म्हणाले, "वरच्याच थरातली की. खालचं कोण काढतंय? मशीन पास म्हणतंय न्हवं?"

"मामा, भिंतीकडचं खालचं एक काढाल?" लेकीनं विचारलं.

"काढतो. पर मॅडम, ही तर तुमच्यापरीस खट हाय."

पोतं निघायला अर्धा तास लागला. तिनं वरच्या पोत्यातलं हळकुंड मोडलं, टक्कन वाजलं. खालचं मोडायला गेली. ते नुसतं वाकलं.

"आवाज नाही, आई."

वाळलेलं हळकुंड टक्कन मोडतं, ओलं वाकतं, हे मीच तिला कधीतरी स्वयंपाकघरात शिकवलं होतं. मी त्याची पूड करून मशीनला दिली. ओलावा जास्त, नापास. मशीन दोन्ही वेळा बरोबरच होतं. मी तो लॉट थांबवला.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ती म्हणाली, "मग फॉर्म?"

"नोकरीची खात्री मी देऊ शकत नाही."

"तुझ्याकडं मागितलीय का?"

वहीतले नऊ मुद्दे मी खोडले नाहीत. ते खरे आहेत. खाली उद्याचं काम लिहिलं: गोदाम, सगळे थर, स्वतः.

तिचे दोन्ही हात पिवळेधमक होते. फोन माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तूच भर ना, मी सांगते."

विषयाच्या रकान्यापाशी ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. 'रसायनशास्त्र'वर बोट मीच ठेवलं.