वाकडी पिल्लं

वडील तळ्यात जाळं टाकायचे आणि आई कन्नड गावच्या आठवडी बाजारात मासे विकायची. तळ्याचा ठेका दुसऱ्याचा, त्यामुळं मोठी मरळ त्याची आणि बारीकसारीक आमचं. एसटीत माशांची पाटी ठेवली की लोक नाक दाबून जागा बदलायचे. एकदा कंडक्टरनं आम्हाला अर्ध्या वाटेत उतरवलं, तिकीट फाडलेलं असताना. आई भांडली नाही, पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागली. मी तिच्या बरीच मागून चालले, कारण आम्ही एकत्र आहोत हे कुणाला कळू नये असं वाटत होतं. तेव्हा मी सातवीत होते.

बाजारात निवडायचं काम माझं. कल्ले फिके, पोट मऊ, असा मासा ढिगातून काढायचा आणि त्या जागी चांगला लावायचा. ‘एक नासका दिसला की गिऱ्हाईक पुढं जातंय,’ आई म्हणायची. माझा हात इतका बसला की मी न बघता निवडायचे.

आमच्यात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी शहरात राहून एमएस्सी केलं, पीएच.डी.ला नोंदणी मिळवली, आणि प्रयोगशाळेत पुन्हा मासेच वाट्याला आले. झेब्राफिश. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे. त्याची पिल्लं काचेसारखी आरपार असतात. दोन दिवसांचं पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की न कापता हृदय धडधडताना दिसतं. कपाशीवर फवारतात त्यातलं एक औषध पाण्यात घालायचं आणि त्या हृदयाचं काय होतं ते बघायचं, हा माझा विषय.

तीन आठवडे काहीच झालं नाही. औषधातली पिल्लं साध्या पाण्यातल्यांइतकीच ठणठणीत. आठवड्याच्या बैठकीत माझ्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘एकही बिघडलेलं पिल्लू नाही? करता काय तुम्ही सकाळी?’

मी अभिमानानं सांगितलं, ‘सर, मी रोज निवडते. एकपण वाकडं ठेवत नाही. काढलं की त्या जागी साध्या पाण्याच्या ताटलीतलं चांगलं टाकते.’

कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत.

‘म्हणजे आपल्याला जे बघायचं होतं, तेच तुम्ही रोज बेसिनमध्ये ओतलं. आणि आकडा भरायला धडधाकट घातली. बाई, ही प्रयोगशाळा आहे. तुमच्या आईचं दुकान नाही.’

ते बरोबर बोलत होते, म्हणून जास्त लागलं.

‘तीन महिन्यांनी विद्यापीठाच्या समितीपुढं उभं राहायचंय. सगळं पहिल्यापासून करा. नाही झालं तर नोंदणी रद्द करा असं मीच लिहून देईन. पाटी आहेच घरी.’

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी होती: आजचा ताजा माल. सोबतच्या मुली येता-जाता विचारायच्या, ‘कल्ले लाल आहेत का गं?’

मी पुन्हा सुरुवात केली. काडीला पापणीचा केस चिकटवून त्यानं पिल्लू कोमट जेलीत कुशीवर निजवायचं, जेली घट्ट झाली की भिंगाखाली घ्यायचं. आता मी वाकडीच शोधायचे. कणा धनुष्यासारखा, छाती पाण्यानं फुगलेली, हृदय ताणून दोऱ्यासारखं झालेलं आणि रक्त पुढं जाण्याऐवजी मागं घसरतंय. मिनिटाचे ठोके मोजायचे, फोटो काढायचा, मग गुंगीचं औषध जास्त देऊन संपवायचं. जितकं वाकडं निघेल तितका माझा दिवस चांगला जायचा. कीव आली नाही. ती आली असती तर काम झालं नसतं.

एकदा आई डबा घेऊन आली. मी तिला भिंगातून दाखवलं. बराच वेळ डोळा लावून बघत होती.

‘ह्याला काय झालं?’

‘औषध दिलंय.’

‘मुद्दाम?’

‘व्हय.’

‘मारायचं तर एका फटक्यात मारावं बाई. असं झुरवत मारणं आपल्यात नाय.’

मागं सोबतच्या दोघी ऐकत होत्या. मी म्हणाले, ‘तुला नाही कळायचं. बाहेर बस.’

ती तीन तास जिन्यात बसली. ती उठून गेल्यावर त्या दोघींतल्या एकीनं नाक दाबून खिडकी उघडली. मी ती बंद केली नाही. ठोके मोजत राहिले, मोजणी चुकली, पुन्हा मोजले.

समितीपुढं मी फोटो ओळीनं लावले. सगळ्यात कमी औषधातलं पिल्लू आधी, सगळ्यात जास्तीतलं शेवटी. बाहेरून आलेल्या एका बाईंनी विचारलं, ‘बिघडलेली पिल्लं वगळली तर नाहीत ना?’ सर माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, ‘पहिल्यांदा वगळली होती. ते आकडे सगळे रद्द केलेत, आणि तसं अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय.’

बाईंनी पान उलटून वाचलं. सर खोलीबाहेर आल्यावर एवढंच बोलले, ‘लिहायची काय गरज होती?’

नोंदणी टिकली. त्या औषधाच्या अगदी थोड्या मात्रेनंही माशाच्या पिल्लाचं हृदय बिघडतं, हे माझ्या प्रबंधानं दाखवलं. प्रबंध मान्य झाला आणि मला पीएच.डी. मिळाली.