चार माणसांनी वर नेलेला पिंजरा

बारकी माझी धाकटी बहीण. सख्खी, पाठची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कुत्र्याची घाण, डाग, वास असलं बरंच काही येणार आहे. ते वाचून कुणाला नाक मुरडायचं असेल तर त्याने आमच्या दारात येऊन मुरडावं, मग मी बघतो. शाळा माझी सातवीपर्यंत, तिची नववीपर्यंत. म्हणजे घरात शिकलेली तीच.

मोठ्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीत तिची सव्वीस वर्षं गेली. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे. ढीग येतो, ती उलगडते, डाग बघते आणि ठरवते कशाला गरम पाणी, कशाला गार. डाग कशाचा आहे एवढंच नाही, किती तासांचा आहे तेही सांगते. एकदा हेड सिस्टर म्हणाली, "हा चहाचा डाग आहे, उकळत्या पाण्यात टाक." बारकी म्हणाली, "बाई, चहा काठाला गडद होतो. हे रक्त आहे, कालचं. उकळत्या पाण्यात टाकलं तर जन्मात निघणार नाही." सिस्टरने तपासलं, निघालं रक्तच. तेव्हापासून सिस्टर तिला विचारूनच गठ्ठा सोडते. असली माणसं आमच्याच घरात निपजतात, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी मेहुणे गेले. मूलबाळ नाही. पहिल्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत ती एकटी उरली आणि कामापुरतं बोलायला लागली. मी रोज संध्याकाळी फोन करायचो.

"जेवलीस?"

"हो."

"बरी आहेस ना?"

"हो."

संपला फोन. मी एवढा बोलका माणूस, दगडाला बोलतं करीन, पण त्या 'हो'पुढे माझं काही चालायचं नाही.

आणि मग एके दिवशी तिचाच फोन आला. मी गेटला रंग मारत होतो, ब्रश हातातच राहिला.

"दादा, कुत्र्याचं पिल्लू किती तास लघवी धरून ठेवतं रे?"

दोन वर्षांत तिच्या तोंडून निघालेलं एवढं लांब वाक्य. मी म्हटलं, "कोणाचं पिल्लू?"

"माझं," ती म्हणाली.

झालं होतं असं. लॉन्ड्रीतल्या फाटक्या चादरी दर महिन्याला समोरच्या जनावरांच्या दवाखान्यात जातात. त्या पोचवायला बारकी गेली होती. तिथे एका जाळीत सहा पिल्लं. कोणीतरी माणूस घरात पिंजऱ्यावर पिंजरे रचून कुत्र्यांची पैदास करायचा, त्याच्याकडून ती सोडवून आणलेली. पाच पिल्लं उड्या मारत होती. सहावं कोपऱ्यात, चादरीत गुंडाळलेलं, नुसतं बघत होतं. चादरीच्या कडेला बारकीने स्वतःच्या हाताने घातलेली टीप होती. ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, ही चादर माझी आहे. हे पण मीच नेते."

नाव ठेवलं ठोंब्या. शोभलंच त्याला. हाक मारली की आधी भिंतीकडे बघायचा.

डॉक्टरीणबाईने तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, पिंजरा लहान घ्या, उभं राहून वळता येईल एवढाच. कुत्रं झोपतं तिथे घाण करत नाही, पण पिंजरा मोठा असला तर एका कोपऱ्यात झोपतं, दुसऱ्यात कार्यक्रम उरकतं. दोन, खिशात कायम बिस्किट ठेवा, बाहेर केलं की त्याच क्षणी शाब्बास म्हणा आणि बिस्किट द्या. त्याच क्षणी, नंतर नाही.

पहिली गोष्ट तिने मला सांगितलीच नाही. म्हणजे सांगायला आली होती वर्कशॉपमध्ये, पण "दादा, पिंजरा हवाय" एवढं तिने म्हटलं आणि पुढचं मी बोललो. माझं काम कोणाला माहीत नाही? गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, आख्ख्या भागात माझ्या हातचे. माझ्या बहिणीने पिंजरा मागितला, आणि मी काय उंदराचा सापळा देऊ? पाच फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट उंच बांधला. कोपऱ्यांना अँगल, बाजूला दहा मिलीची सळई, तळाला जाळी आणि जाळीखाली सरकता पत्र्याचा ट्रे. निळा रंग, दोन हात. वर चढवायला माझी चार माणसं लागली. जिन्याच्या वळणावर अडकला तेव्हा कठडाच उघडला आणि नंतर परत बसवला. मी घाम पुसत उभा, आणि आत ते दोन वितीचं पिल्लू, मोकळ्या मैदानात चेंडू पडावा तसं.

"कसा आहे?" मी विचारलं.

बारकीने पिंजऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छान आहे," म्हणाली.

पहिल्या सकाळी ती साडेपाचला उठली. ट्रे भरलेला, जाळीला चिकटलेलं, ठोंब्या दुसऱ्या टोकाला सुखात झोपलेला. तिने ट्रे काढला, धुतला, फरशी धुतली, त्याला उचलून खाली अंगणात नेलं. नळाजवळ मोकळी माती आहे, तिथे ठेवलं. पिल्लू चारी पाय ताठ करून उभं राहिलं, विस्तवावर ठेवल्यासारखं. अर्धा तास झाला. एक थेंब नाही. वर आणलं, तर धावत पिंजऱ्यात शिरलं, डाव्या कोपऱ्यात गेलं, गोल फिरलं आणि मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी तेच. दहाव्या दिवशी तेच. ड्यूटीवर जाण्याआधी अंगणात एक तास, दुपारच्या सुट्टीत धावत घरी येऊन एक तास, संध्याकाळी एक तास. बिस्किटाचा खिशात चुरा व्हायचा, ती नवं ठेवायची. घरमालकीण मावशी खालून खिडकीतून बघायची.

"अगं, काय पुतळा उभा केलायस? गार पडेल ते."

"मावशी, होईल त्याला. शिकेल."

"कधी? त्याचं लग्न झाल्यावर?"

आता बारकी हसायचीसुद्धा. फोनवर मला अर्धा अर्धा तास सांगायची. "दादा, आज त्याने माती हुंगली." "दादा, आज एक पाय हलवला." मी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून ऐकत बसायचो. गिऱ्हाईक खोळंबायचं. खोळंबू दे.

डॉक्टरीणबाईला विचारलं तर ती म्हणाली, "ही पिल्लं जाळीवर जन्मली. पायाखाली जाळी आली की करायचं, एवढंच यांना कळतं. यांच्या लेखी पिंजरा म्हणजेच संडास." बारकीने एकदा पिंजऱ्याचं दारच लावून ठेवलं आणि त्याला खोलीत मोकळा सोडला. पठ्ठ्याने सोळा तास धरून ठेवलं. पोट टम्म झालं, दारापाशी बसून कण्हायला लागला. तिला राहवेना, दार उघडलं. आत जाऊन त्याने जे सोडलं ते ट्रेच्या बाहेर फरशीभर.

धुणं ही आमच्या बारकीची सवय. डाग दिसला की हात शिवशिवतात. दिवसातून तीनदा ट्रे, जाळी, फरशी, बादली बादली पाणी. आणि तेच अंगाशी आलं. पाचव्या आठवड्यात मावशी वर आली, तिला खाली घेऊन गेली आणि स्वयंपाकघराच्या छताकडे बोट केलं. ओट्याच्या बरोबर वर पिवळट ओला डाग, ताटाएवढा.

बारकीने मान वर करून बघितलं. इतरांचे डाग ओळखणारी ती, हा डाग तिला ओळखावाच लागला नाही.

"मी वाईट बाई नाही," मावशी म्हणाली. "तुझा नवरा गेला तेव्हा मी तुझ्याजवळ झोपायला होते. पण हे माझ्या जेवणावर ठिबकतंय गं. रविवार सकाळपर्यंत बघ. नाहीतर तिकडे गोदामावर राखणदार आहे, त्याला कुत्रं हवंय. मी त्याला बोलून ठेवते."

"रविवारपर्यंत शिकेल," बारकी म्हणाली. "नाही शिकला तर मीच देईन. शब्द."

आमच्या घरात शब्द दिला की दिला. हे मी तिला शिकवलंय. नसतं शिकवलं तर बरं झालं असतं, असं कधी नव्हे ते वाटलं.

आमच्याकडे नेलं नसतं का? मी बोललो होतो. पण तुमच्या वहिनीला कुत्र्याच्या केसाने दम लागतो, दोनदा ऑक्सिजन लावावा लागलाय. बारकीनेच नको म्हटलं.

शनिवारी दुपारी ती वर्कशॉपमध्ये आली. स्टुलावर बसली. हात मांडीत.

"दादा, पिंजरा मोठा आहे."

"मोठा आहे म्हणजे? चांगला ऐसपैस आहे."

"डॉक्टरीणबाईने लहान सांगितला होता. पहिल्याच दिवशी."

मी सळई खाली ठेवली. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू चार माणसं घेऊन आला होतास. कठडा काढला होतास. काय बोलणार?"

"अगं पण पाच आठवडे!"

"निळा रंगपण दिला होतास," ती म्हणाली.

ग्राइंडर उचलला, वायर खांद्यावर टाकली आणि निघालो. ती ठोंब्याला घेऊन न्हाणीघरात दार लावून बसली, त्याच्या कानांवर हात ठेवून. मी पिंजरा मधोमध कापायला घेतला. माझा वेल्ड तुटत नाही असं मी सगळीकडे सांगतो, आणि ते खरंच आहे. माझाच वेल्ड कापायला मला दीड तास लागला आणि तीन चकत्या झिजल्या. ट्रेही अर्धा केला. उरलेल्या भागाला जुनी जाळी मारून बाजू बंद केली. रंग द्यायला वेळ नव्हता. बेढब दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी बेढब काम करून हात पुसले.

"आता धरेल," मी म्हटलं. "आता त्याला दुसरा कोपराच नाही."

"धरेल," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने मला जेवायला थांबवलं, ठोंब्या कसा झोपेत पाय हलवतो ते दाखवलं, आणि सोमवारी त्याला लॉन्ड्रीच्या बायकांना भेटवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. "ओलं आहे," ती म्हणाली. "त्यातच बसलाय."

मी गेलो तेव्हा तिने त्याला आंघोळ घालून पुसला होता. ट्रे धुऊन गॅलरीत उभा करून ठेवला होता. पिंजऱ्याची जाळी घासलेली. कोणाला वस्तू देताना जशी करावी, तशी सगळी तयारी. राखणदार येऊन खाली उभा होता, हातात साखळी. मावशी दारात.

पिंजरा लागेल म्हणून तो मी एकट्यानेच खाली आणला. चार माणसांचा पिंजरा आता एकट्याला पेलला. नळाजवळ मातीवर ठेवला, दार उघडंच होतं. बारकी ठोंब्याला घेऊन उतरली आणि पट्टा बांधायला तिने त्याला खाली सोडला.

ठोंब्या ताठ उभा राहिला, रोजच्यासारखा. मग त्याने पिंजरा बघितला. हळूहळू गेला, आत शिरला. पायाखाली जाळी आली. डाव्या कोपऱ्यात गेला, गोल फिरला, बसला. ट्रे वर गॅलरीत होता. सगळं जाळीतून खाली गेलं आणि मातीने पिऊन टाकलं. ना डाग, ना वास, ना बादलीभर पाणी.

आम्ही सगळेच बघत राहिलो. पिंजरा खाली आणायचा, एवढंच होतं. आधी जाळी मातीवर, मग हळूहळू जाळी काढून नुसती माती. पण पाच आठवडे तो पिंजरा खाली न्यायचा विचार कोणाच्या डोक्यात येणार? चार माणसांनी वर चढवलेला!

"शाब्बास!" बारकी म्हणाली. त्याच क्षणी, सांगितलं होतं तसं. खिशातलं बिस्किट काढून त्याच्या तोंडाशी धरलं. पाच आठवड्यांत त्याला मिळालेलं पहिलं. त्याने आधी भिंतीकडे बघितलं, मग खाल्लं.

"मावशी," ती म्हणाली, "आठ दिवस."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मान हलवली. "अगं, हा सुट्टी मोडून आलाय. आणि काल रात्री डाग अजून पसरलाय. तू शब्द दिला होतास ना?"

बारकीने दुसऱ्यांदा विचारलं नाही. पट्ट्याचं टोक राखणदाराच्या हातात दिलं आणि त्याला समजावायला लागली. "हे बघा, पिंजरा घेऊन जा. मातीवर ठेवा. जाळीवर उभा राहिला की करतो. केलं की लगेच शाब्बास म्हणायचं, लगेच, नंतर नाही..."

"ताई, पिंजरा कशाला?" तो म्हणाला. "साखळीला असणार तो. कुठेही करू दे, तिथे कोण बघतंय."

ठोंब्या त्याच्या मागून गेला. वळणापर्यंत दोनदा थांबला, दोनदा ओढला गेला.

अंगणात पिंजरा उरला. मी एका बाजूने धरला. तिने दुसरी बाजू धरली. जिन्याच्या वळणावर कुठेच अडकला नाही. वर ठेवल्यावर तिने गॅलरीतला ट्रे आणला, पुसला आणि जागेवर सरकवला.

"बारके," मी म्हटलं, "बरी आहेस ना?"

"हो," ती म्हणाली.