मुठीतला भुगा

मुलीच्या पाळलेल्या गेकोची, म्हणजे एका पालीचीच, पहिली दोन अंडी मी बुडवून मारली. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि पालीची काचेची पेटी माझ्यावर सोपवून गेली. अंडी सुकतील या धास्तीनं मी तासातासाला फवारा मारला. अंड्यांना बुरशी आली. तिला मात्र सांगितलं, "रिकामीच होती ती अंडी, आत पिल्लूच नव्हतं."

पालीनं पुन्हा दोन अंडी घातली. त्यांच्याखाली घालायचा नारळाच्या काथ्याचा भुगा आणायला मी इथल्या पंडरी बाजाराजवळच्या रोपवाटिकेत गेलो. तिथं एकजण मिरचीची रोपं घेत होता. प्रत्येक कुंडीतली माती दोन बोटांत चोळून बघायचा. उरला भागातल्या ओतकामाच्या कारखान्यात लोखंड ओतायचे रेतीचे साचे बनवतो, म्हणाला. भुगा कशाला हवा, ते मीही सांगितलं.

"पाल पोसून राहिले तुमी?" तो पोट धरून हसला. मग झारीनं भुगा भिजवून त्यानं मुठीत दाबला. गोळा टिकला, तळहात कोरडाच. "पानी टपकलं तं साचा गेला, भैया."

मी दाबला, तर धार लागली.

"अंडे उबवून राहिले का भाजी धुवून राहिले?"

"पहिली दोन मीच मारली हो," माझ्या तोंडून निघून गेलं. "मुलीशी खोटं बोललो."

रोपं उचलत तो म्हणाला, "मंग पोरीले सांगा ना. मले काहून सांगून राहिले?"

घरी भुगा पहिल्यांदाच नीट जमला. मग मुलीला फोन लावला. तिनं उचलेपर्यंत तळहाताला असा घाम सुटला, की त्या माणसानं मला तिथंच नापास केलं असतं.

"बाबा, अंडी कशी आहेत?"

"आधी पहिल्या दोनांचं ऐक," मी म्हणालो.