थोरल्यांची खुर्ची

त्या केशकर्तनालयात खुर्च्या दोनच. दाराजवळची बापाची, आतली मुलाची. गिऱ्हाइकं बापाला थोरले म्हणत आणि मुलाला धाकटे. धाकट्याला स्वतःलाच टक्कल पडत चाललं होतं, पण थोरले आहेत तोवर हा धाकटाच.

लोक केसाने गळा कापतात म्हणे. थोरल्यांनी उभ्या जन्मात वस्तऱ्यानेही कुणाला ओरखडा काढला नव्हता. मग ऐंशी ओलांडल्यावर एकदा एका शाळामास्तरांच्या कानाखाली जरासं रक्त आलं. मास्तर हसले, तुरटी लावून घेतली आणि गेले. पण बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो?

तेव्हापासून जन्मभर घाईत असलेली माणसं बाकावर निवांत बसायला शिकली. थोरले टॉवेल झटकून म्हणत, "या, बसा."

"राहू द्या हो थोरले. धाकट्यांचं होऊ दे, मला कुठे घाई आहे?"

"तुम्ही आता आराम करायचा," दुसरा पुस्ती जोडी.

आराम! धडधाकट माणसाला रिकामं बसवायचं आणि वर त्यालाच मान म्हणायचं. थोरले रोज वस्तऱ्याला धार लावत आणि तो तसाच डबीत ठेवून देत. त्यांचं जेवणही तुटलं.

धाकट्याला ते बघवेना. एका सकाळी दुकान उघडताच तो बापाच्या खुर्चीत जाऊन बसला.

"बाबा, माझी दाढी करा."

थोरल्यांचा चेहरा खुलला. त्यांनी दाट फेस केला, "मान हलवू नकोस, तुझी जुनी खोड आहे," म्हणून दटावलं. हात थरथरत होता, पण कातडीला टेकला की थांबत होता. दोन्ही गाल स्वच्छ झाले. मग हनुवटी वर करून त्यांनी वस्तरा गळ्याशी आणला आणि सहज आरशात पाहिलं.

मुलाचे डोळे मिटलेले होते. दोन्ही हातांनी त्याने खुर्ची इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

गिऱ्हाइकांचा त्यांना राग आला होता. याचा येईना. जीव मुठीत धरून का होईना, पोर बसलं होतं.

थोरल्यांनी गळ्यावरचा फेस ओल्या टॉवेलने हळूच पुसून काढला.

"झाली?" मुलाने गळ्यावरून हात फिरवला. खुंट तसेच होते.

"झाली. ऊठ." त्यांनी वस्तरा त्याच्या हातात दिला. "आता माझी कर."

ते आपल्या खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि गळा पुढे केला. हात मांडीवर मोकळे पडले होते, आपले आपण थरथरत.