संध्याकाळी सहाचा मुहूर्त

अमेरिकेतले मराठी लोक मुहूर्त पाळत नाहीत असं नाही. तिथले सगळे मुहूर्त शनिवारी दुपारी निघतात, एवढंच. गणपती शनिवारी बसतो, संक्रांत शनिवारी येते, सत्यनारायणाला तर दुसरा वारच ठाऊक नाही. ऐंशीच्या दशकात अलास्कातल्या एका विद्यापीठात शिकत असताना मी या प्रकाराला पुष्कळ हसून घेतलं. मग एक मुहूर्त माझ्याच गळ्यात पडला, आणि तो काढला होता विद्यापीठाच्या जेवणघराने.

माझं काम उल्कांशी होतं. समुद्र गोठतो त्या उत्तर किनाऱ्यावर आम्ही एक पेटी ठेवली होती. ती थंडी, वारा आणि बर्फाची जाडी मोजायची. तिथे वीज नव्हती, टेलिफोनची तार नव्हती, हिवाळ्यात काही आठवडे सूर्यसुद्धा नव्हता. पेटीत एक बॅटरी होती आणि तेवढ्यावर तिने शेकडो किलोमीटर दूरच्या, विद्यापीठातल्या आमच्या तळघराशी बोलायचं होतं. उपग्रह आमच्या प्रोफेसरांच्या ऐपतीबाहेरचा होता. उल्का फुकट होत्या. वाळूच्या कणाएवढी उल्का हवेत जळली की मागे एक रेघ राहते, आणि ती विरेपर्यंतच्या क्षणात रेडिओची लहर तिच्यावर आपटून दूर जाऊन पोचते. तळघरातलं आमचं यंत्र सतत हाक मारत राहायचं. योग्य जागी एखादी उल्का जळली की पेटीला ती हाक ऐकू जायची, आणि पेटी तेवढ्या क्षणात आपले आकडे सांगून गप्प व्हायची.

यात एकच अडचण होती. बर्फात गाडी चालवताना समोरच्या काचेवर बर्फ आपटत राहतो आणि मागची काच जवळजवळ कोरडी राहते. सूर्याभोवती धावणाऱ्या पृथ्वीचंही तसंच आहे. पहाटे आपण समोरच्या काचेवर असतो, संध्याकाळी मागच्या. आणि सगळ्या वर्षात फेब्रुवारीइतका उल्कांचा दुष्काळ क्वचितच असतो.

पैसे देणारे पाहुणे वॉशिंग्टनहून आले ते फेब्रुवारीत, आणि प्रात्यक्षिक ठरलं संध्याकाळी सहाला. माझ्या पीएचडीच्या प्रबंधाला आणखी एका हिवाळ्याचे आकडे हवे होते. पाहुणे खूश झाले तर तो हिवाळा मिळणार होता. नाहीतर मास्टर्सची पदवी घेऊन जिथे नोकरी मिळेल तिथे जायचं.

मी प्रोफेसरांना म्हटलं, "सकाळी सहाला ठेवू या."

"ते बरोबरच आहे," ते म्हणाले. ते सडसडीत, म्हातारे आणि कमालीचे सभ्य होते. "पण सॅमन माशाचं जेवण साडेसातला आहे."

माझी रूममेट नागपूरची, भूगर्भशास्त्राची. तिने विचारलं, "काहून गं, एवढी चिडून राहिली?"

"संध्याकाळी ठेवलंय. फेब्रुवारीत."

"मग? उल्का काय ऑफिस सुटलं की घरी जातात?"

"जवळजवळ तसंच."

"सांग ना त्यांना, पहाटे या म्हणून. आपले लोक नाही का पहाटेच्या लग्नाला सूट घालून बसत?"

"डीनच्या सेक्रेटरीला सांगितलं. तिला वाटलं मी जोक केला."

"तू जोक करत असतीस तर हसू तरी आलं असतं," ती म्हणाली, आणि प्रात्यक्षिकाला यायचं कबूल केलं, कारण तिथे खायला चीज मिळणार होतं.

त्या दिवशी तळघरात गालिचा अंथरला. डीननी माणसाच्या अथक जिज्ञासेवर भाषण केलं. भाषण संपलं, आणि सगळे पेटीचे आकडे छापणाऱ्या प्रिंटरकडे पाहू लागले. प्रिंटर गप्प होता.

मुख्य पाहुणे उंच, नम्र गृहस्थ होते. "हे चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हटलं. "उल्का यायची आहे."

"साधारण किती वेळात?"

"सांगता येत नाही."

"अंदाजे तरी?"

मी प्रोफेसरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "थोड्या मिनिटांत. किंवा नाही."

मागून कुणीतरी विचारलं, जरा मोठी उल्का मागवता येत नाही का. सगळे हसले. विचारणारा हसला नाही. डीननी पुन्हा उभं राहून आणखी थोडी जिज्ञासा वाढली. मग जेवणघराचा माणूस दारात येऊन घड्याळाकडे पाहू लागला, आणि एवढ्या मोठ्या लोकांना तो जसा उठवू शकला तसं आमच्या विज्ञानाला त्यांना बसवता आलं नाही.

रूममेटने उरलेलं चीज रुमालात बांधायला घेतलं. मी खुर्च्यांच्या घड्या घालत होते. तेवढ्यात प्रिंटर खडखडला. उणे अडतीस, वारा ईशान्येचा, बॅटरी ठीक.

"आली गं तुझी नवरी," ती म्हणाली. "वऱ्हाड मात्र जेवायला बसलं."

मी कागद फाडला आणि कोट अडकवून जेवणघर गाठलं. प्रोफेसरांनी चष्मा लावून तो वाचला आणि पाहुण्यांपुढे धरला. पाहुण्यांनीही तो नीट, शेवटपर्यंत वाचला. "उणे अडतीस! बापरे," ते म्हणाले, आणि कागद परत देताना अगदी मायेने, "उपग्रहाची मात्र अशी वाट पाहावी लागत नाही, नाही का?"

मार्चमध्ये फोन आला, पैसे मिळणार नाहीत म्हणून. उल्का आल्याच्या वेळेचा त्यात उल्लेख नव्हता. मला आजही वाटतं, निर्णय ते विमानातच घेऊन आले होते, आणि पहाटे सहाला धो धो उल्का पडल्या असत्या तरी आम्हाला फक्त न्याहारी मिळाली असती. पण या वाटण्याचा मला कधी उपयोग झाला नाही.

प्रकल्प संपला की आमची रेडिओची परवानगीही संपत होती, म्हणून यंत्र बंद करायचं होतं. प्रोफेसर तळघराच्या दारापर्यंत आले. "तूच कर," म्हणाले आणि वर निघून गेले. मी बटण खाली केलं. पंख्याचा आवाज थांबल्यावर ती खोली किती लहान आहे ते कळलं. त्या उन्हाळ्यात मी मास्टर्स घेऊन टेक्सासला एका टेलिफोन कंपनीत लागले.

पेटी आणायला विमान पाठवण्यापेक्षा ती तिथेच सोडणं स्वस्त होतं, म्हणून ती राहिली. उन्हाळ्यात चार्ज व्हायला तिला लहानसं सौर पॅनेल होतं. पुढची काही वर्षं तरी ती ऐकत असणार. स्वतःहून हाक मारणं तिला येत नव्हतं. वीज वाचावी म्हणून आम्ही तिला तसं बनवलंच नव्हतं.