दाबून फिरवायचं झाकण

अमेरिकेत अक्काच्या ओट्यावर, चहासाखरेच्या शेजारी, गांजाच्या गोळ्या! मी हादरलेच. आपल्याकडे पोलीस धरतात यासाठी.

"अगं, कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांनीच दिल्यात," अक्का म्हणाली. "या राज्यात ओढायला बंदी. थेंब, मलम, नाहीतर या गोळ्या. एकीत नशेचा अंश पाच मिलीग्रॅम, त्याहून कडक विकायची नाही."

आमच्या गावी शिवरात्रीला भांग तांब्यानं वाटायचे; मोजायचं कुणाला सुचलंच नाही. आणि इथं दुखण्यालाही मापानंच आराम.

"मी नाही बाई हात लावणार," मी म्हटलं.

मुलांना उघडता येऊ नये म्हणून डबीचं झाकण दाबून फिरवावं लागतं. केमोनं बधिर झालेली अक्काची बोटं त्यावरून पुन्हा पुन्हा घसरत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

टक्क आवाज झाला तेव्हा कळलं, डबी माझ्या हातात होती.