ताईत माझ्या दंडाला

ये गं, अशी जवळ सरक. दारात उभं राहून ऐकायची तुझी खोड काही जात नाही, म्हातारीला उगाच ओरडायला लावतेस. बैस, सांगते.

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. मी नगरला एका दवाखान्यात आया होते, एक्स-रेच्या खोलीत. आम्ही त्याला फोटोच म्हणायचो. पुणतांब्याची बारा वर्षांची एक पोर आईबरोबर रेल्वेनं आली. कणा वाकलेला, एक खांदा वर. पहिला फोटो काढला तो वायाच! कण्यावर मधोमध पांढरा डाग. आईनं पोरीच्या गळ्यातला चांदीचा ताईत काढला होता खरा, पण पोरीला त्या यंत्रापुढं तशीच कशी सोडायची, म्हणून गुपचूप झंपराला आतून पाठीशी टाचला होता.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, वाढत्या अंगावर हे किरण जितके कमी तितकं बरं. आज आणखी एकच, तोही बिघडला तर परत पाठवीन. आणि फोटोशिवाय कणा सावरायचा पाठीचा पट्टा बनवणार कसा?

आई ताईत सोडेना. मी म्हटलं, "माझ्या दंडाला बांधा. मी त्या आडोशाच्या काचेमागं उभी राहते, पोरीला दिसेल अशी."

"तुमाला चालंल?"

"न चालायला काय झालं? माझी पाठ काय कमी दुखते?"

तशी ती हसली, आणि बांधला.

आता पोरीचा श्वास. हलली की गेलं सगळं! विचारलं, गोदावरीत बुडी मारतेस का? म्हणाली, भावांपेक्षा जास्त वेळ. मग काय, यंत्र बंद ठेवून चार वेळा कोरडीच बुडी मारायला लावली. कण्यापुरती जागा सोडून छातीला, कमरेला किरण अडवायला शिशाचे तुकडे बांधले. यंत्र चालवणाऱ्या फोटोवाल्यांनी झडपही तेवढीच उघडी ठेवली.

"मार बुडी," मी म्हटलं. खटका पडला.

अंधाऱ्या खोलीतून ओली फिल्म बाहेर येईपर्यंत मी दाराशीच उभी. उजेडाला धरली, तर मणका न् मणका लख्ख! मी चक्क टाळी वाजवली, फोटोवालेही हसायला लागले. डॉक्टरांनी आईला सांगितलं, हा जपून ठेवा, वर्षभर दुसरा काढायचा नाही.

आईनं माझ्या दंडाची गाठ सोडली, पण हात काही सोडला नाही.

"म्हंजी वरीसभर तुमची भेट न्हाई व्हय? मग तुमीच या बाई पुनतांब्याला. पेरू पिकाया लागल्यात. लवकर या."